हातचा

नियमात लिहिलंय, एका हेक्टरातून एकच झाड.
तेही छातीच्या उंचीवर ऐंशी सेंटिमीटरहून जाड असेल तर,
ओढ्यापासून पन्नास मीटर लांब असेल तर,
आणि माझ्या वहीत त्याचा नंबर असेल तर.

सांघा नदीच्या या बाजूला
मी तीन हजार दोनशे अकरा झाडं मोजली.
लाल रंगाचा डबा हातात, टेप गळ्यात,
पुढे कोयत्याने वाट काढत मोसोम्बो.
तो मोजत नाही.
बुंध्यावर थाप मारतो, कान लावतो,
मग सांगतो : भरीव. किंवा : पोकळ.

पोकळ झाड कंपनीला नको असतं.
पोकळ झाडात धनेशाची मादी
चिखलाने दार लिंपून आत बसलेली असते,
फटीतून नुसती चोच.

कधीकधी मोसोम्बो भरीव झाडालाही पोकळ म्हणायचा.
थापेचा आवाज मलाही कळतो आता, इतकी वर्षं झाली.
मी वहीत लिहायचो : पोकळ.
यावर आम्ही कधी बोललो नाही.

सतराशे सेहेचाळीसला मात्र साहेब स्वतः हजर होते.
सापेली, एकशे एकतीस सेंटिमीटर, सरळ,
पहिली फांदी कुठे फुटते ते मान मोडली तरी दिसेना.
करवत चाळीस मिनिटं चालली.
पडताना त्याने वेलींना धरून आणखी तिघांना खाली ओढलं.
ते तिघे कुठल्याच वहीत नाहीत.

आणि मग उजेड.
त्या जमिनीला इतका उजेड कोणी दाखवला नव्हता.

खोटं कशाला बोलू, दोन वर्षांत तिथे हिरवंगार झालं.
कर्दळीसारखी रुंद पानं माजली,
गोरिला येऊन त्यांचे कोवळे देठ सोलत बसतात,
ओंडके ओढलेल्या वाटेवरून हत्ती
आपल्याच घरचा रस्ता असल्यासारखे जातात.
त्याच वाटेने रात्री बंदुकाही येतात.

ब्राझाव्हिलहून आलेल्या ओडेट न्गासाकी
पहाटे जाळी लावायच्या, पक्षी सोडवून पायात कडी घालायच्या.
अकराव्या दिवशी म्हणाल्या, यादी आधीइतकीच लांब आहे.
मला बरं वाटलं.
त्या म्हणाल्या, नावं बघ.
मुंग्यांच्या फौजेमागे चालणारा एक तपकिरी पक्षी होता,
सावलीचा,
तो नव्हता.
रस्ता सहा मीटरांचा. तो उडू शकतो.
पण सहा मीटर ऊन ओलांडायचं
त्याच्या जातीत कोणी शिकवलेलंच नाही.

ऑगस्टात सापेलीवर अळ्या येतात.
त्या दिसत नाहीत, ऐकू येतात :
पानांवर टपटप टपटप, आभाळ कोरडं असताना,
वरून लेंड्या पडत असतात.
तो आवाज आला की टोपल्या निघतात.
यंदा मोसोम्बोची बायको, एक्वेसे,
सतराशे सेहेचाळीसच्या खुंटापाशी जाऊन उभी राहिली.
सवयीने.
खुंटावर बसली, पायातला काटा काढला,
आणि दोन तास चालत पुढच्या झाडापाशी गेली.
संध्याकाळी पानात बांधून धुरावलेल्या अळ्या
तिने माझ्यापुढे ठेवल्या, मूठभर.
कुठलं झाड, मी विचारलं.
तिने हाताने दाखवलं ते अठराशे दोन.
माझ्या वहीत पोकळ.

तीस वर्षांनी कंपनी याच हेक्टरात परत येईल, असंही नियमात आहे.
वहीच्या समासात मी गणित मांडलं होतं :
वर्षाला अर्धा सेंटिमीटर, तीस वर्षांत पंधरा.
एकशे एकतीस गेले, पंधरा आले.
हातचा किती धरायचा
तिथे येऊन पेन्सिल थांबली, अजून थांबलीच आहे.

सोमवारी नवा इंजिनिअर येतोय.
म्हणे पोकळ झाडांची फेरतपासणी होणार,
त्याच्याकडे यंत्र आहे,
बुंध्याला लावलं की आतलं सगळं सांगतं.
मोसोम्बोला हे सांगितलं तेव्हा तो कोयत्याला धार लावत होता.
त्याने मान वर केली नाही.
टपटपही ऐकू येतं का त्याला,
एवढंच विचारलं.