चाळीस पावलं

किनवट मागं पडलं की डांबर संपतं,
मग नुसता फुफाटा,
मग खडकांत अडकून राहिलेली पैनगंगा,
मग चार तंबू.
जंगू टेकामनं आमच्या बॅगा उतरवल्या, मोजल्या,
"दोन रातींसाठी एवढं? इथंच नांदणार का काय?"

संडास चाळीस पावलांवर, तट्ट्याचा.
लेकीनं पावलं मोजली दिवसा. चाळीस भरली.
दिवेलागणीला परत मोजली
तर बावन्न.

मोबाईलला एक काडी मिळते,
टेकडीवर, बेहड्याखाली, डावा हात वर धरून.
आमचे हे तासभर तिथं उभे होते,
ट्रॅफिक हवालदारासारखे.

हे सगळं व्यंकटदादांमुळं.
माझे थोरले दीर. अकरा वर्षं टांझानियात, जंगलातल्या कॅम्पवर.
दर वर्षी तिकडून कॅलेंडर यायचं,
नांदेडच्या आमच्या स्वयंपाकघरात गॅसच्या वर
महिनाभर एक सिंह फोडणीचा धूर खायचा.
दादा कायमचे परतले, आणि लेकरांनी हट्ट धरला,
काकांना घेऊन जंगलात राहायचं.

जेवताना ओजसनं सुरुवात केली,
"काका, हत्ती किती जवळून पाहिला?"
दादा भाकरीचा तुकडा ठेच्यात फिरवत राहिले.
बाहेर मोहाची फुलं पडत होती.
टप्. बराच वेळ काही नाही. टप्.

"मी गाड्या दुरुस्त करायचो रे.
पहाटे पाहुणे निघायचे, अंगावर घोंगड्या, गळ्यात दुर्बिणी.
मी आदल्या रात्रीच पाटे तपासलेले, ग्रीस भरलेलं.
सांजच्याला गाड्या आल्या की
चाकांच्या खाचांतली माती उकरायचो.
तांबडी, कधी काळी, कधी कुणाचं शेण.
त्यावरून ओळखायचो, आज कुठवर गेले.
तेवढंच."

"आणि सिंह?"

"ऐकलाय. गाडीखाली होतो.
हातातला पान्हा पडला."

नऊ वर्षांचं पोर, त्याचं तोंड एवढंसं झालं.
ह्यांनी उगाच कंदिलाची वात वर केली, खाली केली.

रात्री लेकीला लागली.
दादा बाहेर जागेच होते. बॅटरी घेऊन ते पुढं,
मधे ती, मागं मी.
सव्विसाव्या पावलावर दादा थांबले.

मोहाखाली
अंधाराहून काळा एक गोळा.
फुलं ओढून घेत होता नाकानं,
लोहाराचा भाता चालावा तसा आवाज.

दादांनी बॅटरी विझवली.
लेकीला मागं सारलं.
त्यांच्या रिकाम्या मुठीची बोटं वाकली होती,
जणू पान्हा धरलाय, आणि या वेळी तो पडू द्यायचा नाही.

अस्वलानं सावकाश खाल्लं.
आमच्याकडं बघितलं की नाही, कोण जाणे.
मग गेलं, कुणाचं देणं नसल्यासारखं.

दादा तसेच उभे.
"काका," लेक हळूच म्हणाली, "झालं."
"काय झालं?"
"लागली होती ती."

आल्यापासून दादा हसले नव्हते.
ते हसणं ऐकून ह्यांना जाग आली,
तंबूतून ओरडले, "कोण ए?"

सकाळी जंगूनं ठसा दाखवला.
दादा उकिडवे बसले, माती चिमटीत घेतली, चोळली,
"नदीकडून आलं होतं."
"नाही हो, टेकडीवरून."
"नदीची माती आहे ही."
"अकरा वर्षं तुम्ही तिकडं होता, मी इथं होतो."
दोघं भांडत ओढ्याकडं गेले, मागून ओजस अनवाणी.

चहा निवून गेला.
तंबूच्या दोरीवर लेकीची चड्डी
केव्हाच वाळली होती.