चौथं रीळ

वर्ध्याला गाडी बदलून पेटी आली.
पत्र्याची, सुतळीने आवळलेली.
कोटिलिंगम फिटरने ती भुसावळ स्टेशनापासून
थेट डोक्यावरून आणली, हमाल नाकारून,
सासरहून पहिल्यांदा लेक आणावी तशी
जपत, आणि थोडी मिरवत.

मी नऊ वर्षांची. बॉयलरच्या पोटात शिरून
हातोडे मारता मारता त्याचे कान गेलेले.
आम्ही पोरं मागून ओरडायचो, ‘कोटलिंग, गाडी आली!’
तो वळायचा नाही.
घरी गेल्यावर वाईट वाटायचं.
दुसऱ्या दिवशी पुन्हा ओरडायचो.

सिनेमा देवाचा, तेलुगू. त्याआधी ते नाटक होतं,
गोदावरीकाठी, पेट्रोमॅक्सच्या उजेडात रात्र संपेपर्यंत,
आणि त्यातला घंटा वाजवणारा बहिरा भक्त
अकरा वर्षं कोटिलिंगमने केलेला.
तेव्हा बहिऱ्याचं सोंग आणावं लागे.
पाठीशी फटाका वाजला तरी पापणी हलता कामा नये.
‘आता,’ तो दादांना म्हणाला होता, ‘पर्मनंट झालो.’
सिनेमात ते काम दुसऱ्याच कुणी केलेलं,
गोऱ्या गालांच्या.

रेल्वे इन्स्टिट्यूटच्या मैदानात दोन बांबू, एक चादर.
पुढे त्यांच्या चटया, मागे आमच्या गोधड्या,
कडेला कंडारीहून चालत आलेले म्हातारे,
फडक्यात कळण्याची भाकर, वर ठेचा.
अक्षर कळत नव्हतं कुणाला.
पण पुजारी बदमाश आहे
हे त्याच्या मिशीवरूनच ठरलं.
कोटिलिंगम माझ्या शेजारी. पडद्यावरचे ओठ हलायचे,
त्याचेही हलायचे, कधी एक शब्द आधी.

चौथ्या रिळात पुजाऱ्याने रात्री
घंटेचा लोलक काढून नेला.
पहाटे भक्त आला. त्याला काय कळणार,
तो आपला दोरी ओढतोय, ओढतोय,
मुकी घंटा हलतेय
आणि तेवढ्यात भोंग्यातून एकदा खर्र झालं
आणि आमचाही आवाज गेला.

‘आवाज कोठे ग्या रे?’ मागून एक म्हातारा.
शिट्ट्या. कुणीतरी खडा मारला चादरीला.
रुबाब तडवी मशीनला थापडा मारतोय,
तारा चावतोय, आईबहीण काढतोय कंपनीची.
सगळ्या मैदानात एकालाच कळलं नाही
काही बिघडलंय म्हणून.

मग पडद्यावरचे ओठ मिटले, फार लवकर मिटले.
नाटकातलं लांब पद तिथे कापलं होतं.
कोटिलिंगम उठला. तोंडातली सुपारी
माझ्या हातात दिली,
आणि जे कापलं होतं तिथून धरलं त्याने.

‘विनरा’ म्हणजे ऐक रे, हे त्याच्या बायकोने सांगितलं, पुष्कळ नंतर.
विनरा, विनरा, दर कडव्याला, देवाला.
सूर कुठे चढत होता, कुठे फाटत होता,
त्याला स्वतःलाही ऐकू येत नव्हता.
भुसावळ यार्डात शंटिंग चाललेलं,
डबे एकमेकांना धडकत होते.
रुबाबने दिवा झाकला. अंधार. फक्त तो.

संपलं तेव्हा आम्ही एवढ्या टाळ्या वाजवल्या
की तळवे भाजले.
तो तसाच उभा. अंधारात हात दिसत नाहीत
आणि ऐकू तर येतच नाही,
त्याला वाटलं असणार, लोक उठून गेले.
खाली वाकून चप्पल शोधायला लागला.

रुबाब तडवी, चौथी नापास,
त्याने मशीनचं तोंडच फिरवलं.
उजेडाचा पट्टा आमच्या अंगावर.
भाकरीसकट हात, चटयांवरचे हात, माझे सुपारीवाले हात,
आणि कंडारीच्या म्हाताऱ्याचं बिनदाताचं तोंड:
‘आखो एक डाव!’
अहिराणी त्याला कुठली यायला.
त्याने ओठ वाचले आणि पुन्हा सुरुवात केली.

उरलेली रिळं राहिलीच.
पेटी सकाळच्या गाडीने परत गेली.
देव जागा झाला की नाही, मला अजून माहीत नाही.
सातच्या भोंग्याला कोटिलिंगम डबा घेऊन शेडकडे निघाला,
आम्ही मागे उभे होतो.
त्या दिवशी कुणी ओरडलं नाही.