सदतीस नंबर

माझ्या टेबलाचा उजवा खण
चौदा वर्षं चिठ्ठ्यांनी भरलेला असायचा.
'आपलाच माणूस आहे, बघून घ्या.'
नगरसेवकाची, चेअरमनच्या मेहुण्याची,
एक तर चक्क मटणाच्या पावतीच्या पाठीवर.
अनुदानित शाळा. वर्षाची फी एवढीच
की तेवढ्यात दोघांची मिसळ होते, कट जास्त घेऊन.
आणि नववीच्या जागा चाळीस.
मी नलवडे, क्लार्क. बघून घेत होतो.

यंदा परिपत्रक आलं.
ओळख बंद, सोडत चालू.
शेवटच्या दहा जागा दूरच्या वाड्यावस्त्यांना,
बाकी सगळी नावं एका डब्यात.
डबा तेलाचा, पंधरा किलोचा,
दौलू शिपायानं सोडा लावून घासलेला,
तरी चिठ्ठ्यांना शेंगदाण्याचा वास लागलाच.
पाचवीतल्या पोराच्या डोळ्यांवर रुमाल बांधला.
पोरगं हसत होतं.
हॉलमध्ये दुसरं कुणी हसत नव्हतं.

उद्यमनगरच्या फौंड्रीतून पाळी सोडून आलेला बाप,
भुवयांत अजून काळी वाळू,
आणि त्याच बाकावर लक्ष्मीपुरीतल्या अडत्याची बायको.
दोघं आपापले तळहात पुसत होते.
असलं काही मी पहिल्यांदा बघितलं.

सदतीस नंबरला निघाली
मायाक्का धुळू येडगे, धनगरवाडा, तालुका गगनबावडा.
प्रतीक्षा यादीत पहिला
माझा सख्खा भाचा.

एकोणचाळीस जण येऊन सही करून गेले.
सदतीसपुढची चौकट कोरी.
नियम सहा : तीन दिवस वाट बघावी,
मग जागा प्रतीक्षा यादीला खुली.
नियमात एस.टी. नव्हती.
रात्री ताईचा फोन आला.
'तू काही करू नकोस बाबा. नुसता गप्प बस.'
चौदा वर्षांत इतकं सोपं काम
मला कुणी सांगितलं नव्हतं.
आणि वर ते नियमातलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली.
फुलेवाडी, बालिंगा, कळे, साळवण,
कंडक्टरनं दोनदा विचारलं, 'देवाला चाललाय का?'
पत्र ग्रामपंचायतीत सापडलं,
पंख्याच्या रिकाम्या खोक्याखाली,
आवक शिक्का मारलेलं, न उघडलेलं.
'वर जाणार कोण, साहेब?'

वर गेलो.
तासभर चढ, मोज्यात जळवा.
मायाक्का म्हशींच्या मागं गेली होती.
बापानं पाणी दिलं, पत्र उलटं-सुलटं केलं,
मग खाली बसून हळूच म्हणाला,
'किती द्यायचं? आन् कुणाला?'
म्हटलं, कुणालाच नाही.
त्याला पटलं नाही.
माझ्या तोंडालाही ते वाक्य
नव्या चपलेसारखं चावत होतं.

तिसऱ्या दिवशी, पाचला दहा कमी असताना
एक अंगठा, एक सही.
सहीतला 'क्का' चौकटीबाहेर गेला.
मी तसाच राहू दिला.

ताई अजून बोलत नाही.
भाचा विनाअनुदानितला जातो,
भावजींनी त्यासाठी गाडी विकली.
हेही लिहायला हवं,
नाहीतर मी फारच बरा दिसेन.
आणि मायाक्का झोपते फुलेवाडीत,
चुलत्याकडं, डेअरीच्या माडीवर,
पहाटे तीनला कॅन आदळले की उठते.
वसतिगृहाची यादी अजून लागायचीय.
दर सोमवारी फोन करतो.
'प्रोसेसमध्ये आहे,' म्हणतात.

हजेरीत सदतीस आला
की ती डोंगरात हाक देतात तशी 'हजर' म्हणते.
पुढचे दोन बाक दचकतात.
बाई म्हणतात, 'अगं हळू, इथं भिंती आहेत.'
मला ऑफिसात ऐकू येतं.

खणात आता मी जेवणाचा डबा ठेवतो.
काढताना हात अजूनही
आधी कोपरे चाचपतो.