आणि साथी

धानाच्या गिरणीमागचं ते गोदाम
आता सिमेंटवाल्याकडे आहे.
डोमाजीभाऊंच्या पुण्यानुमोदनाहून परतताना
आम्ही चौघं समोरच्या टपरीवर टेकलो,
तळोधीची बस यायला वेळ होता.

रेकॉर्डिंग रात्रीच व्हायचं, गिरणी थांबली की.
चारी भिंतींना धानाची पोती, पार छतापर्यंत,
मध्ये आम्ही, अंगभर कोंडा चावत असलेले.
पंखा बंद.
पंख्याचा आवाज टेपवर येते, म्हणायचे,
घामाचा येत नाही.

माईक दोनच.
एक गाणाऱ्याला, दुसऱ्यात आम्ही सगळे.
ज्याचा आवाज मोठा त्यानं लांब बसायचं.
कवडूची ढोलकी इतकी लांब
की त्याचे पाय दाराबाहेर.
"अर्धा मी कॅसेटीत," कवडू म्हणतो,
"अर्धा मच्छरायच्या पोटात."

ऐकताना ते आमच्याकडे पाठ करून बसत,
तोंड पोत्यांकडे.
चूक झाली की मानेवरची एक शीर उडायची.
इस्तारी पेटीपेक्षा त्या शिरेकडेच बघून वाजवायचा,
अजून सूर चुकला की
समोरच्या माणसाची मान बघतो.

मला एकदाच बोलले.
"बेंजो त बरोबर वाजून रायला, बाबू.
पन तू कुठी हायेस?"
मी उठून बोडीच्या पाळीवर जाऊन बसलो.
त्या सकाळी बहिणीला सुरतेच्या गाडीत बसवून आलो होतो.
त्यांना ते ठाऊक नव्हतं.
मलाही कुठं होतं.
परत आलो तेव्हा टेप चालूच होती,
माझ्या येण्याची पावलं
त्या गाण्याच्या सुरुवातीला आहेत.

छोट्या लाईनची गाडी तर मधल्या कडव्यात शिरली.
शिट्टी ऐकून आम्ही थांबलो.
पहिल्यांदा वळून बघितलं त्यांनी.
"काहून थांबले? तिले सूर मालूम हाये."
पुन्हा दुसऱ्या रात्री, त्याच वेळेला, तेच गाणं.
गाडी उशिरा आली. आम्ही वाट बघितली.
आता ती लाईनही उखडली,
पण वरातीत बॅन्डवाले ते गाणं घेतात
तेव्हा क्लॅरिनेटवाला शिट्टी वाजवतो न चुकता.

पैसे शनिवारी, म्हणजे त्याच्या पुढच्या शनिवारी,
नाहीतर पैशाच्या जागी चिन्नोर तांदूळ.
कवडूचं लग्न चिन्नोरावरच उठलं.
आम्ही हसलो. पुन्हा चहा सांगितला.

पारबताबाई हसली नाही.
बशीत चहा ओतून तशीच बसली होती.
मग म्हणाली,
"दम लपवू नको, मने.
दम घेतला त आयकू येऊ दे,
मानूस हायेस, बाजा नोय.
हे त्यानंच शिकवलं मले, दुसऱ्या कोनी नाही."
आम्ही माना हलवल्या.
"अन् एकोनीस कॅसेटी.
कव्हरवर त्या गंगारामचं नाव, फोटोसकट.
एकोनीस डाव मी 'आणि साथी'.
एकदा इचारलं.
मने, जागा नाही, बाई.
दोन कबुतरं होती कव्हरवर.
कबुतरायले जागा होती."

इस्तारी म्हणाला, जाऊ दे, मेलेल्या मानसाचं...
"जित्तेपनी गात होती न," ती म्हणाली,
"कवा बोलू?"

टपरीवाल्यानं ग्लास उचलले.
आम्हा तिघांची नावं
एकाही कव्हरवर नव्हती,
आणि हे कधी लक्षातही आलं नव्हतं
कारण आम्ही ती कव्हरं
वाचली नव्हती, फक्त मोजली होती.

बस आली.
पायरी उंच. पारबताबाईनं दांड्याला धरलं,
चढण्याआधी मोठा, स्वच्छ दम घेतला,
आणि कवडूची बोटं
मांडीवर आपोआप
समेवर येऊन थांबली.