मोजून पंधरा शब्द

ओरुरोच्या त्या इमारतीत खाली चपलांचं दुकान,
वर रेडिओ, आणि रेडिओच्या डोक्यावर आमचा वर्ग:
सात विद्यार्थी, एक शेगडी,
आणि एउलोहिया बाईंच्या गळ्यात
इतर बायकांच्या गळ्यात क्रूस असतो तसं
दोरीला बांधलेलं स्टॉपवॉच.

पहिल्याच दिवशी म्हणाल्या,
डोळ्यांसाठी लिहायचं विसरा.
कान मागे वळून बघत नाही.
वाचणारा ओळ पुन्हा वाचतो,
ऐकणारी बाई तोवर लामांच्या मागे
टेकडी उतरून गेलेली असते.
एका वाक्यात एकच गोष्ट.
आणि ‘तथापि’ कुणी लिहिलंत
तर वहीतून नाही, जिभेवरून खोडेन.

फळ्यावर चार चौकोन:
पाठवणारा, संदेश, माध्यम, घेणारा.
मध्ये नागमोडी रेघ, तिचं नाव गोंगाट.
सेवेरो म्हणाला, आमच्याकडे त्याला वारा म्हणतात.
मी विचारलं, जनसंवादातले जन म्हणजे किती?
बाईंनी खडू ठेवला.
एक, म्हणाल्या. नेहमी एकच.
बाकीचे चोरून ऐकतात.

हे मला तेव्हा कळलं नाही.
परीक्षेत मात्र लिहिलं.

मग जाहिरात. नालीदार पत्रे, तीस सेकंद, सत्तर शब्द.
मी लिहिलं: आमचे पत्रे गळत नाहीत.
बाई म्हणाल्या, ‘नाहीत’ वाऱ्याने नेलं,
गिऱ्हाइकाला ऐकू आलं फक्त गळणं.
दहा कागद शेगडीत गेले.
अकराव्यावर होतं:
गारा वाजू दे. तू झोप.
त्यावर त्या काही बोलल्या नाहीत,
नुसतं स्टॉपवॉच शून्यावर आणलं.

जूनमध्ये माझी निरोपांच्या खिडकीवर पाळी लागली.
इथे शब्दाला पैसे पडतात.
कुणाची म्हैस नाही हरवत इथे, गाढव हरवतं,
कुणाचा जावई दारू पिऊन सापडत नाही,
कुणाला खत आल्याचं कळवायचं असतं.
दोन्या बासिलिया आल्या तेव्हा हातात
पंधरा शब्दांची चिल्लर होती, घामाने ओली.
आई दवाखान्यात पहाटे गेली.
भाऊ वर, जिथे फोन पोचत नाही.
मी पेन उचललं: महत्त्वाचं आधी, असं शिकवलंय.
त्यांनी माझा हात धरला.
ते लिहू नकोस. सगळं पठार ऐकतं.
आधी त्याला कळू दे.

मग असं झालं:
वायापाम्पातल्या मेलितोनला बहीण बासिलिया सांगते.
गुरुवारच्या ट्रकने ये.
आईची लग्नातली काळी शाल घेऊन ये.

मी बोटांवर मोजलं. चौदा.
म्हटलं, एक शब्द उरतो.
राहू दे, म्हणाल्या, आणि त्याचे पैसे
परत घ्यायलाही थांबल्या नाहीत.

सात चाळीसला मी ते वाचलं.
दोनदा, नियमाप्रमाणे. नाव स्वच्छ, वार स्वच्छ.
‘ये’पाशी आले,
आणि हात पुढच्या कागदाकडे गेला नाही.
काचेपलीकडे तंत्रज्ञाच्या भुवया चढल्या.
घड्याळ एकटंच चालत होतं.
मग पुढचा कागद, माझाच:
गारा वाजू दे. तू झोप.

बाईंनी नोंदवहीत लाल शाईने लिहिलं:
तीन सेकंद, रिकामी हवा.
माझे दोन गुण गेले.

शनिवारी एक माणूस खिडकीशी आला,
बुटांवर दफनभूमीची माती,
हातात सुकवलेल्या बटाट्यांची पिशवी.
तो आवाज तुझा?
म्हणाला, मला वाटलं बॅटरी गेली.
रेडिओला थापट मारली.
दिवा तर लागलेला होता.
मग मी खाली बसलो.

पिशवी ठेवली. टोपी घातली.
दारापर्यंत जाऊन वळला.
ते पत्रे, म्हणाला,
नग कितीला पडतो?