दोन नंबर लागतील

भाच्याचा शर्ट बदलायला गेले होते,
चाळीसचा बेचाळीस.
वर्धा रोडवरचं ते तीन मजली दुकान.
बाहेर मे महिना, डांबर चपलेला चिकटतंय,
आत इतका गारवा
की घामाचा ब्लाउज पाठीवर बर्फ होऊन बसला.

"मॅम, फक्त दहा मिनट. फ्री मेकओव्हर."
काळा टी-शर्ट, छातीवर बिल्ला : रोशनी.
फुकट म्हटलं की मला आधी फॉर्म आठवतो,
सही कुठे, अंगठा कुठे.
एकतीस वर्षं इतवारीच्या पोस्टात
चार नंबरच्या खिडकीत बसले मी.
काउंटरच्या या बाजूला
कुणी कधी बसवलंच नव्हतं.

उंच स्टूल. पाय अधांतरी.
चपलेचा शिवलेला अंगठा लपवायला जागा नाही.
आरशाभोवती बल्बच बल्ब,
आणि मधोमध मी,
नोटीस न देता.

तिनं हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला,
मी पाचशेची नोट धरायची तसा.
मग बाटल्या. एकशे तीस. एकशे ऐंशी. दोनशे दहा.
गालावर एक रेघ, कपाळावर एक.
तिच्या मनगटावर सकाळपासूनच्या बायकांच्या
सात-आठ रेघा वाळत होत्या.

"दोन नंबर लागतील मॅम."
का?
"गालाचा वेगळा, डोळ्यांपाशी वेगळा."
बोटानं दाखवली तिनं,
भुवयांच्या वरपासून नाकाच्या हाडापर्यंत,
या कानापासून त्या कानापर्यंत,
फूटपट्टी ठेवून आखावी तशी.

दुपट्ट्याबाहेरची पट्टी.
तोंड गच्च बांधून स्कुटीवर
मानेवाडा ते इतवारी, इतवारी ते मानेवाडा.
बाकीचा चेहरा मी जपून ठेवला,
कुणासाठी कोण जाणे.
चार बोटांचा तुकडा तेवढा
या गावानं वापरून घेतला.

"बाप्पा," माझ्या तोंडून गेलं,
"इतकं दिसून राह्यलं?"
तिचा हात थांबला.
"तुमी पवनीकडच्या का जी?"
मॅम गळून पडली. ट्रेनिंगमधलं हसू गेलं,
त्याखालचं आलं, एक दात तिरपा असलेलं.
"माही मावशी अशीच बोलते. टेंभुर्णे आमी."

मग ओला स्पंज.
माझ्याही टेबलावर एक होता, गुलाबी, प्लास्टिकच्या डबीतला.
त्यावर फिरवून किती तिकिटं चिकटवली,
किती नोटा मोजल्या.
माझ्यावरून तो कुणी फिरवला नव्हता.

वर बघा. खाली बघा. आता मिटा.
मिटलेल्या डोळ्यांना तिच्या श्वासाचा वास आला,
डब्यातल्या लसणाच्या चटणीचा.
"तू बसत नाहीस?"
"स्टूल गिराईकाचं असते जी."
मला तर खुर्ची होती. वेताची, एक हात मोडलेली,
तरी खुर्ची.

आरशात एकाच रंगाची बाई,
नीटनेटकी, थोडी दुसऱ्या कुणाचीतरी.
मी पट्टी शोधत राहिले,
चष्मा काढल्यावरही बोट नाकावर जातं तशी.

तिनं वही उघडली.
मेकओव्हर नऊ, विक्री एक.
मी काजळ घेतलं, दोनशे एकोणपन्नासचं.
एकाचे दोन करताना
तिनं आकडा गिरवला नाही, खोडून नव्यानं लिहिला.
खिडकीवर मीही तसंच करायची.

पार्किंगमध्ये हात आपोआप दुपट्ट्याकडे गेला.
एक घडी, दोन वेढे, मागे गाठ.
अजनीच्या सिग्नलला शेजारच्या गाडीवरची,
तीही बांधलेली,
माझ्या डोळ्यांकडे बघत राहिली.
काजळ बघत असेल.
हिरवा लागला.

घरी दुपट्टा सोडला
तर आतल्या अंगाला उमटलेली
दोनशे दहा नंबरची एक बाई, ओठ जरा वाकडे.
बादलीत टाकायचा होता,
खुर्चीच्या पाठीवर टाकला.

शर्ट राहिलाच.
पिशवीत तसाच, चाळीसचा.