न वाकलेली झाकणं

कोतोनूत, बंदराच्या रस्त्याला माझी टपरी.
बाटली मी दोन अंगांनी उचकटतो,
आधी डावीकडून जरासं, मग उजवीकडून.
गिऱ्हाईक वैतागतं: अरे, उघड की एकदाची!
मी काही सांगत नाही.
झाकण वाकलं की माप खोटं होतं,
एवढाच निरोप आईनं बस-ड्रायव्हरबरोबर धाडलाय,
आणि तो ड्रायव्हर निरोपाला तिखटमीठ लावत नाही.

आमचं गाव वर, नायजरात, दोस्सोच्या पुढे.
वाळू, बाजरी, मग पुन्हा वाळू.
गाढवावरून खताचं पोतं यायचं ते बापाचं.
तो खांद्यावर फडकं टाकून चालायचा
आणि मुठी उधळायचा,
लग्नात गाणाऱ्यावर चिल्लर उधळावी तशा.
दिलदार माणूस.
अर्धं वारा न्यायचा,
उरलेल्यातलं अर्धं लोंढ्याबरोबर ओघळीत,
आणि ओघळीतलं तण असं माजायचं
की शेळ्यांची पोटं ढोल व्हायची.
बाजरी आपली पिवळी,
तिचं ताट भलत्याच पंगतीत वाढल्यासारखी
अवघडून उभी.

आईच्या वाट्याला टेकाडाखालचा तुकडा,
जिथं कुदळ वाजते, आत जात नाही.
आणि रिकामं पोतं.
तिनं ते उलटं करून झटकलं,
शिवण उसवून झटकलं,
कोपऱ्यातले खडे बत्त्यानं फोडले.
पायलीसुद्धा भरली नाही.
मग बहिणीच्या बारशातलं ते झाकण,
नारिंगी सोड्याचं, दातेरी,
आतली चकती नखानं काढून टाकलेलं.

एका ठोंबाला एक झाकण.
जवळ, पण बोटभर लांब,
फार जवळ गेलं तर मूळ करपतं
(हे तिला पहिल्या ओळीनं शिकवलं, अकरा ठोंब गेले).
वर पायाच्या अंगठ्यानं माती.
तिच्या पाठीवर बहीण, माझ्या हातात वाडगा.
मी मोजायचो आणि दोनशेनंतर चुकायचो.
ती म्हणायची, चुक, पण वाडग्यात बघत चुक.

चारशे बारा झाली.

दोन महिन्यांनी तिचा तुकडा काळसर हिरवा,
लांबून वाटायचं, ढगाची सावली तिथंच अडकलीय.
बाप बघून आला आणि थेट कोठारात गेला.
पोती मोजली. पुन्हा मोजली.
"कुठून घेतलंस?"
तिनं झाकण त्याच्या पुढ्यात ठेवलं.
त्यानं ते अंगठ्यावर धरून पाहिलं.
"ही काय औषधाची मात्रा आहे? आजारी कोण आहे?"
"जमीन," म्हणाली असती एखादी.
आई शेंगा सोलत राहिली.

पुढच्या वर्षी पाऊसच आला नाही.
झाकणानं पाऊस पडत नाही, हेही सांगायला हवं.
त्याच वर्षी मी दक्षिणेची बस धरली.

त्यानंतरच्या पेरणीला बापानं
पोत्याचं तोंड सोडलं, मूठ आत घातली
आणि तशीच ठेवली.
"एका पोत्यात अशी किती बसतील?"
"मला काय ठाऊक," आई म्हणाली,
"माझ्याकडे अख्खं पोतं कधी होतं?"
हे मी पाहिलेलं नाही.
बहिणीनं फोनवर सांगितलं, दोघांची नक्कल करून.

आता सतरा जणींना हवीयत.
बिबाता, हमसातू, झुले आणि तिची सवत.
मी धुऊन, वाळवून, फडक्यात बांधतो.
बियरची वगळतो. आई काही बोलणार नाही,
पण बिबाताचा नवरा इमाम आहे.

परवा एक हमाल आला,
जहाजावरून खताच्या गोण्या उतरवणारा,
भुवयांपर्यंत पांढरा.
सांगत होता, एखादी गोण फाटली
की झाडूनं सरळ समुद्रात लोटतात.
मी त्याची बाटली उघडली. आधी डावीकडून.
झाकण खिशात टाकलं.
"किती झाले?" त्यानं विचारलं.
"आठ हजार तीनशे," मी म्हणालो,
आणि तो माझ्याकडे बघतच राहिला.